वजा, उणे आणि ऋण : पूर्णांक शिकवणाऱ्या एका संचाचे परीक्षण

सहावीत पूर्णांक संख्यांचा धडा सुरू झाला आणि आमच्या घरी रोज संध्याकाळी एकाच वाक्यापाशी अभ्यास अडू लागला : ‘‘पण आई, पाचातून आठ जात नाहीत ना!’’ पहिलीपासून मुलांच्या मनावर हेच ठसवलेले असते आणि त्या वयात ते योग्यही असते, कारण वाटीत पाचच शेंगदाणे असतील तर त्यांतून आठ काढता येत नाहीत. सहावीत मात्र तीच वजाबाकी अचानक ‘जाऊ’ लागते आणि उत्तर उणे तीन येते. या टप्प्यावर मुलीला हाताळायला काहीतरी असावे म्हणून मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून धन आणि ऋण संख्या शिकवणारा एक संच ५४० रुपयांना घेतला. गेले तीन महिने आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी आम्ही दोघी तो वापरत आहोत. मी पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, त्यामुळे ‘ऋण’ या शब्दाशी माझी रोज गाठ पडते, आणि म्हणूनच या परीक्षणात संचाच्या बांधणीपेक्षा त्यात वापरलेल्या शब्दांविषयी अधिक लिहिले आहे.

खोक्यात कापडी संख्यारेषा, साठ सोंगट्या, चाळीस चित्रपत्ते, दोन फासे आणि बत्तीस पानांची मराठी पुस्तिका असते. सोंगट्या एका बाजूने पिवळ्या आणि दुसऱ्या बाजूने तांबड्या आहेत, पिवळी बाजू धन एक आणि तांबडी बाजू ऋण एक असे समजायचे. रंगाखेरीज दोन्ही बाजूंवर अधिक आणि उणे ही चिन्हे कोरलेली आहेत, ही गोष्ट मला फार आवडली, कारण रंगांतला फरक ज्या मुलांना नीट दिसत नाही त्यांनाही बोटाने चाचपून चिन्ह ओळखता येते. सोंगट्यांच्या कडा गुळगुळीत आहेत, वजन बऱ्यापैकी आहे आणि तीन महिन्यांत रंग कोठेही उडालेला नाही. फासे मात्र हलके आहेत आणि त्यांवरचे आकडे पुसट होऊ लागले आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आडव्या छोट्या रेघेचे ते एकच चिन्ह गणितात तीन वेगवेगळी कामे करते. ‘आठ वजा पाच’ म्हणताना ते एक क्रिया सांगते. ‘उणे पाच’ म्हणताना ते संख्येलाच चिकटलेले असते आणि ती संख्या शून्याच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगते. तिसरे काम विरुद्ध संख्या दाखवण्याचे : एखाद्या संख्येच्या आधी हे चिन्ह ठेवले की शून्यापासून तितक्याच अंतरावरची, पण पलीकडच्या बाजूची संख्या मिळते, मग मूळ संख्या धन असो की ऋण. ही कामे वेगळी आहेत हे ध्यानात न आल्यामुळेच मुलांचा बराच गोंधळ होतो, आणि इंग्रजी वळणाने प्रत्येक ठिकाणी ‘मायनस’ म्हणण्याची सवय लागलेली असेल तर तो आणखी वाढतो. ‘मायनस तीन मायनस मायनस पाच’ हे ऐकून मोठा माणूसही क्षणभर थबकेल. तेच ‘उणे तीन वजा उणे पाच’ असे वाचले की काय करायचे आहे आणि कोणावर करायचे आहे हे कानालाच कळते.

मराठीत हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत. ‘वजा’ हा अरबी-फारसीतून हिशेबाच्या भाषेत रुळलेला शब्द आहे. ‘उणे’ संस्कृत ‘ऊन’ वरून आला, आणि तो आपल्या मोजणीतच दडून बसला आहे : एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस, एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस, आणि हा क्रम थेट एकोणनव्वदपर्यंत जातो, नव्व्याण्णव तेवढे वेगळ्या घडणीचे. मुलीला हे सांगितले तेव्हा तिने पाढ्यांच्या वहीच्या मागच्या पानावर असे आठ आकडे शोधून लिहिले. ‘ऋण’ म्हणजे कर्ज, हे तर ‘ऋण काढून सण’ करणाऱ्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे, पण गणितात हा शब्द संख्येचा प्रकार सांगतो. उणे हे चिन्हाचे नाव आणि ऋण हा संख्येचा स्वभाव, एवढा भेद जरी पक्का झाला तरी पुढची अर्धी वाट सोपी होते.

पुस्तिकेची पहिली दहा पाने या कसोटीला उत्तम उतरतात. क्रियेसाठी सर्वत्र ‘वजा’ आणि संख्येसाठी सर्वत्र ‘उणे’ वापरले आहे, शिवाय संख्येचे चिन्ह किंचित वर आणि आखूड छापून ते क्रियेच्या चिन्हाहून डोळ्यांनाही वेगळे दिसेल अशी काळजी घेतली आहे. अकराव्या पानापासून मात्र लिहिणाराच बदलला असावा असे वाटते. तेथे ‘वजा पाच ही संख्या’, ‘ऋण करा’, ‘मायनस चिन्ह काढून टाका’ असे शब्द सरमिसळ येऊ लागतात आणि दोन्ही चिन्हे एकाच मापाची होतात. इतक्या विचाराने सुरू केलेले काम अर्ध्यावर सोडून दिलेले पाहून मला मनापासून वाईट वाटले.

सोंगट्यांचे खरे सामर्थ्य वजाबाकीत दिसते. उणे तीन वजा उणे पाच हेच उदाहरण घ्या. मुलीने तीन तांबड्या सोंगट्या मांडल्या. त्यांतून पाच तांबड्या काढायच्या, पण समोर तीनच आहेत, म्हणजे पुन्हा तेच : तीनातून पाच जात नाहीत. येथे पुस्तिका ‘शून्यजोडी’ ही कल्पना आणते. एक पिवळी आणि एक तांबडी सोंगटी मिळून किंमत शून्य, म्हणून अशा कितीही जोड्या मांडल्या तरी मूळ संख्या बदलत नाही. मुलीने दोन शून्यजोड्या ठेवल्या. आता पटावर पाच तांबड्या आणि दोन पिवळ्या झाल्या. तिने पाचही तांबड्या एकेक करून उचलल्या आणि उरलेल्या दोन पिवळ्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. नंतर तिने स्वतःच विचारले, ‘‘म्हणजे उणे काढले की वाढते?’’ हा प्रश्न तिच्या तोंडून येणे हेच माझ्या लेखी संचाच्या किमतीचे सार्थक होते. ‘दोन उणे चिन्हे शेजारी आली की अधिक करा’ हा नियम तिने शाळेत पाठ केलाच होता, पण ते का होते हे तिने त्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने करून पाहिले.

कापडी संख्यारेषा उणे वीसपासून अधिक वीसपर्यंत आहे आणि जमिनीवर अंथरून तिच्यावर चालता येते. धन दिशेला तोंड करून उभे राहायचे, अधिक असेल तर पुढे आणि उणे असेल तर मागे पावले टाकायची, आणि वजाबाकीची क्रिया आली की आधी पाठ फिरवायची, असा खेळ पुस्तिकेत दिला आहे. वजाबाकी म्हणजे तोंड वळवणे आणि उणे संख्या म्हणजे मागे चालणे, असे दोन चिन्हांना दोन वेगळ्या हालचाली नेमून दिल्या आहेत, त्यामुळे दोन्हींची गल्लत होत नाही. ही योजना ज्याने केली त्याला मुले कोठे चुकतात हे नेमके ठाऊक असले पाहिजे.

या रेषेवर एक चूक मात्र आहे आणि ती मला क्षुल्लक वाटत नाही. ऋण बाजू तांबडी आणि धन बाजू पिवळी छापताना शून्याचा चौकोनही पिवळा छापला गेला आहे. मुलीने पहिल्याच दिवशी शून्य धन आहे असे ठरवून टाकले आणि वहीत ‘धन संख्या : ०, १, २, ३’ असे लिहिले. शून्य धनही नाही आणि ऋणही नाही. पूर्ण संख्यांमध्ये ते आहे, पूर्णांकांमध्ये आहे, पण धन पूर्णांकांमध्ये नाही. ‘धन संख्या’ आणि ‘ऋणेतर संख्या’ यांच्यातला फरक एवढ्या एका शून्याचाच आहे आणि पुढच्या इयत्तांत तो वारंवार लागतो : वर्गमूळ घ्यायचे तर आतली वास्तव संख्या ऋणेतर असली पाहिजे, भाजक मात्र शून्य चालत नाही. मी त्या चौकोनावर पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवला आहे. ज्यांच्याकडे हा संच आहे त्यांनी तेवढे जरूर करून घ्यावे.

चित्रपत्ते रोजच्या व्यवहारातल्या धन-ऋण संख्यांचे आहेत. एका पत्त्यावर कळसूबाईची उंची अधिक १६४६ मीटर आणि दुसऱ्यावर मृत समुद्राच्या किनाऱ्याची पातळी सुमारे उणे ४३० मीटर दिली आहे, आणि दोहोंतला फरक विचारला आहे. १६४६ वजा उणे ४३० म्हणजे २०७६. उभी रेषा काढून पाहिली की हे उत्तर मुलांना डोळ्यांनी पटते. तापमानाचा पत्ता आहे, इमारतीच्या तळघराचा आहे आणि पासबुकाचाही आहे. त्यात मला सर्वांत उपयोगी वाटला तो चष्म्याच्या नंबराचा पत्ता, पण पुस्तिकेने त्याला दोन ओळींत उरकले आहे, म्हणून त्यावर थोडे लिहिते.

लांबचे दिसत नसेल तर अंतर्गोल भिंग लागते आणि त्याची शक्ती ऋण धरतात, कारण ते प्रकाशकिरण जवळ आणण्याऐवजी पसरवते. उणे २ नंबराच्या भिंगाचे नाभीय अंतर उणे अर्धा मीटर असते. माझ्या पुतण्याचा नंबर गेल्या वर्षी उणे १ होता, यंदा उणे दीड झाला, आणि घरात सर्व जण ‘नंबर वाढला’ असे म्हणाले. संख्यारेषेवर पाहिले तर उणे दीड ही उणे एकपेक्षा लहान संख्या आहे, म्हणजे नंबर घटला. तरीही घरातले बोलणे चुकीचे नव्हते. आपण तेव्हा चिन्ह बाजूला ठेवून शून्यापासूनचे अंतर पाहत होतो, आणि या अंतरालाच गणितात केवलमूल्य म्हणतात. उणे दीडचे केवलमूल्य दीड, उणे एकचे एक, म्हणून केवलमूल्य वाढले. ‘लहान संख्या’ आणि ‘शून्याच्या जवळची संख्या’ या दोन गोष्टी धन बाजूला एकच असतात आणि ऋण बाजूला उलट होतात. नववीत केवलमूल्य शिकवताना दोन उभ्या रेघा आणि एक नियम समोर येतो, त्याआधीच चष्म्याच्या या उदाहरणाने ती कल्पना मुलांच्या मनात रुजू शकते.

याच गठ्ठ्यात रक्तगटाचा पत्ताही आहे, आणि तो काढून टाकावा असे मी स्पष्टपणे म्हणेन. ‘ओ निगेटिव्ह’ मधले निगेटिव्ह म्हणजे आरएच घटक तांबड्या पेशींवर नसणे. तपासणीचा अहवाल निगेटिव्ह येणे म्हणजेही शोधलेली गोष्ट न सापडणे. येथे ‘नाही’ हा अर्थ आहे. गणितातली ऋण संख्या म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, तो अर्थ शून्याकडे जातो. खिशात पैसे नसणे वेगळे आणि डोक्यावर दोनशे रुपयांची उधारी असणे वेगळे, हा फरक आमच्या कामात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मुलांना मात्र तो समजावून द्यावा लागतो, आणि तेथेच असा पत्ता त्यांची दिशाभूल करतो.

गुणाकाराच्या प्रकरणावर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. ऋण गुणिले ऋण धन का, याचे उत्तर पुस्तिकेने ‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’ असे दिले आहे. लक्षात राहायला हे वाक्य सोपे आहे आणि हीच त्याची अडचण आहे, कारण ते मुले बेरजेतही लावतात. हे वाचल्यानंतर दोनच दिवसांनी मुलीने उणे चार अधिक उणे तीन यांचे उत्तर अधिक सात लिहिले आणि कारण विचारल्यावर मित्र-शत्रूचे तेच वाक्य सांगितले. बेरजेत दोन कर्जे एकत्र आली तर कर्जच वाढते, उत्तर उणे सात.

त्याऐवजी मी तिला आमच्या कामातले उदाहरण दिले. एखाद्या सभासदाच्या खात्यावर पन्नास-पन्नास रुपयांच्या तीन दंडाच्या नोंदी चुकून नावे पडल्या. नावे पडलेली प्रत्येक नोंद म्हणजे उणे ५०. चूक लक्षात आल्यावर त्या तीनही नोंदी आम्ही काढून टाकल्या. तीन वेळा काढणे म्हणजे उणे तीन. उणे तीन गुणिले उणे पन्नास, आणि सभासदाची शिल्लक १५० रुपयांनी वाढली. ज्या मुलांना व्यवहारापेक्षा तर्क आवडतो त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे : पाच अधिक उणे पाच म्हणजे शून्य, म्हणून या बेरजेला उणे दोनने गुणले तरी शून्यच आले पाहिजे. उणे दोन गुणिले पाच म्हणजे उणे दहा. मग उरलेला भाग, म्हणजे उणे दोन गुणिले उणे पाच, अधिक दहाच असला पाहिजे, नाहीतर बेरीज शून्य होणार नाही. पुस्तिकेत यासाठी अर्धे पान पुरले असते.

पुस्तिकेच्या शेवटी इतिहासाची तीन पाने आहेत आणि ती काळजीपूर्वक लिहिलेली आहेत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम याच शब्दांत सांगितले आणि दोन ऋणांचा गुणाकार धन हेही त्यात आहे, म्हणजे सहावीचे मूल जो ‘ऋण’ शब्द वहीत लिहिते तो गणितात चौदा शतके चालत आलेला आहे. बख्शाली या प्राचीन भारतीय गणिताच्या हस्तलिखितात ऋण संख्येपुढे आजच्या अधिक चिन्हासारखी खूण केलेली आढळते, तर भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. आजची अधिक आणि उणे ही चिन्हे छापील पुस्तकात योहानेस विडमान यांच्या १४८९ सालच्या व्यापारी अंकगणितात आली. प्राचीन चीनमध्ये मोजणीच्या काड्यांत तांबडी काडी धन आणि काळी काडी ऋण असे, म्हणजे आपल्या या संचाच्या आणि खतावणीतल्या तांबड्या शाईच्या अगदी उलट. रंग आणि खुणा संकेताने ठरतात, एवढे मुलांना यावरून सहज कळते.

या पानांतले सर्वांत सुंदर उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातले आहे. एका त्रिकोणाच्या दोन भुजा १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती? हिशेब केला तर एक तुकडा १५ येतो आणि दुसरा ऋण ६. भास्कराचार्य ही ऋण लांबी टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशेला, असा अर्थ ते देतात, कारण लंब पायाच्या बाहेर, मागे वाढवलेल्या रेषेवर पडतो. लंब ८ आणि क्षेत्रफळ ३६. आम्ही आलेखाच्या कागदावर ही आकृती काढली, आणि पायाच्या डाव्या टोकाच्या मागे सहा घरे मोजताना मुलीने आपणहून ‘उणे सहा’ असे लिहिले. त्याच भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथातल्या वानरांच्या उदाहरणात ५० आणि ५ अशी दोन उत्तरे काढून पाच हे उत्तर नाकारले आहे. वानरांच्या पाचव्या भागातून तीन वजा करायचे आहेत, आणि पाच वानरांचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन वानर उरतात, जे लोकांना पटणारे नाही. दिशेला ऋण अर्थ आहे, वानरांच्या संख्येला नाही. ऋण संख्या कोठे वापरावी आणि कोठे वापरू नये, याचा इतका नेमका विवेक मला आजच्या कोणत्याही सरावपुस्तिकेत भेटला नाही. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. पुस्तिकेत त्याचा उल्लेख असता तर मराठी मुलांना ही गोष्ट आणखी जवळची वाटली असती.

संचात एक गोष्ट नाही, आणि ती सहावीत लागतही नाही, पण आठवीपर्यंत हा संच जपून ठेवणाऱ्यांसाठी नोंदवते. ‘क’ या अक्षराआधी उणे चिन्ह लावले की मुले ती संख्या ऋण समजतात. क ची किंमत उणे चार असेल तर उणे क म्हणजे अधिक चार. येथे चिन्ह तिसरे काम करते आहे, विरुद्ध संख्या दाखवण्याचे. सोंगट्यांनी हे सहज दाखवता येते : मूठभर सोंगट्या घ्या आणि सगळ्या पालथ्या करा, तांबड्या असतील तर पिवळ्या होतील.

खरेदीविषयी थोडे. आमच्या खोक्यात सोंगट्या साठऐवजी चोपन्न निघाल्या. दुकानदारांनी पावती पाहून दुसऱ्या दिवशी उरलेल्या सहा दिल्या, तेव्हा घरी नेण्याआधी तेथेच मोजून घ्याव्यात. कापडी रेषा घडीवर नेमकी शून्यापाशी चुरगळते, ती गुंडाळून ठेवलेली बरी. पाचवीच्या उन्हाळी सुट्टीपासून सातवीपर्यंतच्या मुलांसाठी हा संच मी घ्यायला सांगेन, पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि तो मुलांच्या हाती एकटा सोपवू नये असेही सांगेन. अकराव्या पानापासून पुढे मी आणि मुलीने पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘मायनस’ खोडला आणि जागेप्रमाणे ‘वजा’ किंवा ‘उणे’ लिहिले. एकूण त्रेचाळीस जागा निघाल्या, त्यांतल्या शेवटच्या वीस तिने मला न विचारता बरोबर ओळखल्या.